फाल्गुन-चैत्रात रंगावर रंग कसा घालायचा? (ऊन, घाम, एसी सगळं धरून सांगा)

रानफूल_डिचोली

नमस्कार मंडळी, प्रश्न कपड्यांचा आहे पण मला अगदी मनापासून उत्तर हवंय. माझं कपाट उघडलं की पांढरा, बेज, राखाडी आणि काळा एवढंच दिसतं. सकाळी घाईत विचार करावा लागत नाही, काहीही काढा कशावरही जातं, म्हणून वर्षानुवर्षं तेच घेत गेले. पण आता घरामागचे काजू मोहरलेत, पांगारा लालभडक झालाय, संध्याकाळी शिगम्याच्या तालमींचे ढोल ऐकू येतात, आणि मला रंग घालावेसे वाटायला लागलेत, तेही एक नाही, दोन-तीन एकावर एक, कुर्त्यावर जॅकेट, त्यावर ओढणी असं.

अडचण अशी की इन्स्टावर स्प्रिंग लेयरिंग म्हणून जे दाखवतात ते सगळं थंड देशांतलं, स्वेटरवर ब्लेझर आणि वर स्कार्फ. आपल्याकडे मार्चच्या दुपारी ३२-३३ डिग्री असतं आणि हवा दमट. मी डिचोलीहून पणजीला कदंबाच्या बसने येते, स्टँडवर उतरेपर्यंत पाठ भिजलेली असते, आणि ऑफिसात शिरले की एसी इतका गार की अंगावर काहीतरी घ्यावंच लागतं. म्हणजे दुसरा थर लागतोच, तो घामटही नको आणि बघायला ओबडधोबडही नको.

आणखी एक. मी सावळी आहे. घरी लहानपणापासून ऐकलंय की गडद घालू नकोस, भडक तर अजिबातच नको. दुकानात गेलं तरी माझ्यासमोर फिकेच काढून टाकतात. हे खरं आहे का? जास्त करून कुर्ते घालते, साडी अधूनमधून. बजेट साधंच आहे, सगळं कपाट बदलणं जमणार नाही.

म्हापशाचा_कापडवाला

ताई, रंगाचं नंतर बघू, आधी कापडाचं सांगतो, कारण इथे लेयरिंग फसतं ते बहुतेक कापडामुळे. आमचं घरचं कापडाचं दुकान, शुक्रवारच्या बाजाराला लांबून गिऱ्हाईक येतं, मार्चमध्ये रेयॉनचा कुर्ता आणि वर जॉर्जेटचं श्रग घेऊन जातात आणि एप्रिलमध्ये सांगतात की घालवत नाही. रेयॉन मऊ असतं, छान पडतं, पण घाम पिऊन जड होतं आणि लवकर सुकत नाही. जॉर्जेट बहुतेक पॉलिस्टरचं मिळतं, ते घाम पीतच नाही. दोन्ही एकावर एक म्हणजे आत वाफ कोंडणार.

खालचा थर मलमल किंवा पातळ कॉटन घ्या, बिनबाह्यांचा असेल तर उत्तम, आणि वरचा थर समोरून उघडा, सैल, बाजूला कट असलेला. हवा आत-बाहेर व्हायला हवी, बस. वरच्याला लिनन चालतं, खादी चालते, मंगलगिरी (आंध्रातलं हातमागाचं सुती कापड) चालतं. सुताचा काउंट जेवढा जास्त तेवढं सूत बारीक, तेव्हा मलमल घेताना काउंट विचारा, चांगला दुकानदार सांगतो.

आता रंग. पातळ कापडावर पातळ कापड आलं की खालचा रंग वर दिसतो हे लोक विसरतात, आणि खरी मजा तिथेच आहे. पांढऱ्या कोटा डोरियाखाली राणी रंगाचं अस्तर लावा, वरून बघितलं तर फिका गुलाबी दिसेल, आणि कोट्याचे बारीक चौकोन असतात ना, त्यांच्या जाळीतून मधूनमधून मूळ राणी डोकावत राहील. चालताना कापड अंगाला लागलं की रंग गडद होतो, सुटलं की परत फिका. हेच पांढऱ्याच्या जागी लिंबू रंगाचं पातळ कापड घेतलं आणि खाली निळं अस्तर असलं तर हिरवट झाक येते. काही जणींना ती आवडते, काहींना आजारी वाटते, म्हणून शिवायच्या आधी दोन्ही कापडं एकावर एक धरून बघा.

आणि बघायचं ते दुकानाच्या दारात, बाहेरच्या उजेडात. ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळलेलं मॅचिंग बाहेर उन्हात दोन वेगळेच रंग निघतात, कारण दोन कापडांचे डाय वेगळे असतात आणि प्रत्येक डाय वेगवेगळ्या उजेडात वेगळा वागतो. दुकानदाराला लाजू नका, आम्ही देतो कापड दारापर्यंत न्यायला.

ज्या दिवशी दोन थर सोसवणारच नाहीत त्या दिवसासाठी धूपछाव घ्या. ताणा (उभे धागे) एका रंगाचा, बाणा (आडवे धागे) दुसऱ्या रंगाचा, कापड एकच. निळ्या ताण्यात हिरवा बाणा असलेलं मंगलगिरी बघा, हात फिरवला की मोरपंखी होतं, घडीवर निळं, फुगवट्यावर हिरवं. दोन रंग घातल्याचं समाधान आणि अंगावर थर एकच. माझ्या मते गोव्याच्या हवेला यापेक्षा योग्य कापड नाही.

रेषा_आणि_रंग

वरच्या दादांनी धूपछाव सांगितलं, अगदी बरोबर. मी चित्रकलेच्या बाजूने सांगते, आल्तिनोवरच्या आर्ट कॉलेजात शिकले आहे आणि रंग हाच माझा रोजचा विषय आहे.

रानफूल, तुझ्याकडे जे पांढरं-बेज-राखाडी आहे ते फेकू नकोस, ती तुझी सगळ्यात मोठी सोय आहे. आपण कुठला रंग कुठल्या रंगाबरोबर जातो यातच अडकतो, पण डोळ्याला आधी कळतं ते फिकं काय आणि गडद काय. दोन्ही थर सारखेच गडद किंवा सारखेच फिके असले तर ते एकमेकांत मिसळून गोळा दिसतात, मग रंग कितीही सुंदर असू दे. फोनवर फोटो काढ आणि ब्लॅक अँड व्हाइट कर. कुर्ता आणि जॅकेट एकाच राखाडीत गेले तर एक बदल. वेगळे दिसले तर जोडी जमली. हे मी नवीन मुलांना पहिल्यांदा शिकवते आणि त्यानंतर त्यांचे प्रश्न बरेच कमी होतात.

दुसरं, रंग एकटा कधीच दिसत नाही, शेजाऱ्याला घेऊन दिसतो. १९व्या शतकात पॅरिसच्या गोबलँ या भिंतीवरची विणलेली चित्रं बनवणाऱ्या कारखान्यात शेव्हरल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगाईचे प्रमुख होते. तिथे तक्रार आली की काळं सूत नीट काळं दिसत नाही. त्यांनी तपासलं तर डाय चांगलाच होता, निळ्या-जांभळ्याच्या शेजारी विणल्यामुळे तो काळा मरत होता. यावर त्यांनी १८३९ मध्ये जे मांडलं ते आजही रंगाचा अभ्यास करणारे सगळे शिकतात. तुझ्या कामाचा भाग असा की तोच राखाडी कुर्ता शेंदरी ओढणीखाली किंचित निळसर दिसेल आणि निळ्या ओढणीखाली किंचित तांबूस. म्हणजे कपाटातल्या एका राखाडीचे तुला दोन-तीन राखाडी मिळतात, फक्त ओढणी बदलून.

सुरुवात करताना एक रंग मोठा ठेव, एक मध्यम, आणि तिसरा अगदी चिमूटभर. बेज कुर्ता, त्यावर शेवाळी उघडं जॅकेट, आणि ओढणीच्या काठाला किंवा कानातल्यात गुलबक्षी. तिन्ही समान वाटून घेतले की नजर कुठे थांबावी ते कळत नाही. आणि तिघांपैकी एक तरी जरा मळकट, दबलेला हवा. तिन्ही चकचकीत नकोत.

सावळ्या रंगाचं म्हणशील तर मला राग येतो असं कोणी सांगितलं की. फिका, पावडरसारखा पिस्ता किंवा पीच हाच सावळ्या त्वचेवर बऱ्याचदा धुरकट दिसतो, त्वचा राखाडी वाटायला लागते. डाळिंबी, मोरपंखी, जांभळा, हळदी, गर्द निळा हे रंग सावळ्या चेहऱ्यावर अक्षरशः उजळतात. गळ्याजवळच्या कापडाचा रंग उजेडात हनुवटीवर पडतो, तेव्हा खिडकीसमोर उभी राहून एकेक ओढणी गळ्याशी धर आणि चेहरा बघ, कापड बघू नकोस. आरसा सांगेल ते ऐक, बाकी कोणाचं नको.

पेडण्याची_आत्या

बाय गो, तुझा प्रश्न वाचून मला इतकं बरं वाटलं. वर त्या मुलीने छान सांगितलंय, सावळ्याबद्दल तर शंभर टक्के. माझी आई काळीसावळी, लाल काठाची हिरवी नेसून देवळात निघाली की सगळा वाडा वळून बघायचा. कोण म्हणतो भडक घालू नये.

पण एक मळकट हवाच, तिन्ही चकचकीत नकोत, हे मला पटत नाही. आपल्याकडे हिरव्यावर लाल, पिवळ्यावर जांभळा, चिंतामणीवर राणी हे बायका कायम नेसत आल्या, कोणी फोटो काळा-पांढरा करून बघितला नाही. इरकल बघ, अंग काळं किंवा हिरवं आणि पदर लाल. खणाची चोळी बघ, अंग जांभळं, काठ केशरी. दबलेलं काय आहे त्यात? तरी डोळ्याला खुपत नाही, कारण काठ बारीक असतो, काठ आणि अंग यांच्यामध्ये पांढऱ्या किंवा पिवळ्या सुताची रेघ असते, आणि इरकलीच्या लाल पदरात पांढऱ्या रेघा विणलेल्या असतात. भांडणाऱ्या दोघांच्या मध्ये कोणीतरी उभं केलं की भांडण मिटतं, तशी ती रेघ.

आणि आपल्या गोव्याचीच कुणबी साडी घे ना. लाल अंग, त्यावर बारीक पांढऱ्या चौकड्या. शेतात गुडघ्यापर्यंत नेसायची, खांद्यावर गाठ मारायची, कामाची साडी ती. मध्ये ती जवळजवळ दिसेनाशी झाली होती. कोलवाळचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स, २०१४ ला पद्मश्री मिळाली त्यांना, त्यांनी ती पुन्हा मोठ्या रॅम्पवर नेली तेव्हा शहरातल्या लोकांनी विचारायला सुरुवात केली. २०२० मध्ये गेले ते, पण आता कुणबी चौकड्यांच्या ओढण्या, स्टोल, जॅकेटं सगळं मिळतं. तुझ्याकडे पांढरे कुर्ते आहेत म्हणतेस, त्यावर लाल कुणबी चौकडीची ओढणी घाल आणि केसात अबोली नाहीतर सुरंगीचा वळेसर (गजरा) माळ. आमच्या पेडण्यात सुरंगी ह्याच दिवसांत येते, दोरीत ओवलेली ती पिवळसर-केशरी फुलं लालजवळ अशी दिसतात की दागिना नको. तिसरा रंग फुलाचा, संध्याकाळी सुकला की उद्या दुसरा.

पाडव्याला मात्र एक नवी साडी घे, कॉटनचीच, आणि ब्लाउज मुद्दाम मॅचिंग घेऊ नकोस. कॉन्ट्रास्ट घे. मॅचिंग ब्लाउजने साडी सपाट होते.

रेषा_आणि_रंग

आत्या, रेघेचं तुम्ही जे सांगितलंत ते फारच महत्त्वाचं आहे आणि मी ते आधी लिहायला हवं होतं, सरळ मान्य. लाल-हिरव्याच्या सीमेवर डोळा थरथरतो, मध्ये पांढरी रेघ आली की थांबतो. आणि चौकडीत पांढरं सूत मिसळल्यामुळे लांबून तो लाल थोडा नरम होतो. रानफूल, म्हणजे दोन मार्ग झाले बघ. दोन जोरदार रंग घालायचेत तर मधे पांढरी पट्टी, पाइपिंग, काठ काहीतरी ठेव. ते नको असेल तर एक रंग दबलेला घे.

पर्वरीचा_स्कूटरवाला

मंडळी, पुरुषांचंही दोन ओळी ऐका, कारण आम्हाला कोणी काही सांगत नाही आणि आम्ही निळा शर्ट-काळी पँट यातच म्हातारे होतो. मी रोज मांडवीच्या जुन्या पुलावरून स्कूटरने येतो. पातळ पांढरा टीशर्ट घालून वाटायचं उन्हापासून वाचलो. पांढरा पातळ कॉटनचा टीशर्ट साधारण ५ ते ७ यूपीएफ (कापड ऊन किती अडवतं त्याचं माप) देतो, म्हणजे सूर्याच्या अतिनील किरणांतला पाचवा-सातवा हिस्सा आत येतोच, आणि घामाने भिजला की अजून जास्त. तेच कापड गडद रंगात असलं की बरंच जास्त अडवतं. म्हणून आता आत फिका सुती बनियन किंवा टीशर्ट, आणि वर सैल, पूर्ण बाह्यांचा लिनन शर्ट गडद रंगात, बटणं उघडी. वाटतं तेवढं गरम होत नाही. सिनाईच्या वाळवंटातल्या बेदुईन लोकांच्या काळ्या झग्यांवर १९८० मध्ये संशोधन झालं होतं, त्यात असं दिसलं की झगा सैल असला तर काळ्या रंगाने घेतलेली जास्तीची उष्णता अंगापर्यंत पोचायच्या आत हवेबरोबर निघून जाते. आपली हवा दमट आहे, तिथली कोरडी, तेव्हा एकास एक लावू नका, पण सैल हवा हे दोन्हीकडे खरं.

रंग कुठले म्हणाल तर मी मेंदी, आमसुली आणि गर्द निळा घेतले. आमसुली शर्ट आणि आत आकाशी टीशर्ट, ऑफिसात दोघांनी विचारलं कुठून घेतला. ताई, तुम्हालाही स्कूटर असेल तर जॅकेट पूर्ण बाह्यांचंच शिवा, बसमध्ये काढून ठेवता येतं.

फोंड्याची_सून

सगळे घालायचं सांगताय, मी धुवायचं सांगते, नाहीतर पांढऱ्या कुर्त्यावर लाल ओढणी एकदा घामात भिजली की कुर्ता गुलाबी होऊन बसेल. लेयरिंगमध्ये हे हमखास होतं, कारण दोन्ही थर दमट असतात आणि खांद्याच्या पट्ट्याखाली घासतात.

नवी ओढणी आणली की घालायच्या आधी एक कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालाने घट्ट दाबून चोळ. रुमालाला रंग लागला तर ती ओढणी पांढऱ्यावर नाही घालायची, गडदावर घाल, आणि वेगळ्या बादलीत गार पाण्यात दोन-चार वेळा धुऊन परत तपास. इंडिगोचा निळा तर सुकाही घासून लागतो, तो तसाच असतो, त्यात फसवणूक नाही. अजरकवाले (इंडिगोचं ठशांचं कापड विकणारे) घेतानाच सांगतात.

मीठ घाला, व्हिनेगर घाला असं सगळे सांगतात. मीठ लागतं ते रंगवताना, डाय कापडात शिरावा म्हणून. रंगवून झालेल्या कापडाचा सुटणारा रंग मिठाने बसत नाही. जो जास्तीचा डाय नुसता वर राहिलेला असतो तो धुऊन काढणं हाच उपाय. वाळत घालताना उलटं करून सावलीत. आपल्या गॅलरीतलं मार्चचं ऊन हळदीच्या पिवळ्याला दोन महिन्यांत फटफटीत करतं, नैसर्गिक हळद असेल तर त्याहून लवकर, हळदीचा रंग उन्हात टिकतच नाही. डाळिंबाच्या सालीचा पिवळा त्या मानाने बरा टिकतो. पिवळं घ्यायचं असेल तर विचारून घे कशाने रंगवलंय.

घामाचं जॅकेट तसंच घडी करून कपाटात ठेवू नका. काखेत रंग उडतो तो घामामुळे, नुसतं साध्या पाण्यातून काढलं तरी पुष्कळ फरक पडतो. आणि शिगम्याच्या मिरवणुकीला नवीन काही घालू नका, गुलाल मलमलीतून निघता निघत नाही.

रानफूल_डिचोली

एवढं सगळं! मी काल रात्री सगळं वाचून खिडकीसमोर उभी राहून आईच्या जुन्या साड्यांचे पदर एकेक गळ्याशी धरून बघितले. पिस्ता खरोखर धुरकट दिसला. डाळिंबी आणि मोरपंखीला आईच म्हणाली की हे दोन ठेव बाजूला.

मग असं ठरवतेय, बरोबर आहे का सांगा. पांढरे आणि बेज कुर्ते आहेत तेच खालचा थर. वर एक मोरपंखी मंगलगिरीचं उघडं जॅकेट, पूर्ण बाह्यांचं, बाजूला कट. एक लाल कुणबी चौकडीची ओढणी, पण ती आणि जॅकेट एकत्र घालू की वेगवेगळ्या दिवशी? आणि पाडव्याला डाळिंबी कॉटन साडी, ब्लाउज कुठला ते कळत नाहीये. बसमध्ये ओढणी सांभाळणं हाही एक प्रश्न आहे.

म्हापशाचा_कापडवाला

जॅकेटला अस्तर लावू नका ताई, टेलर सवयीने लावतो, आधीच सांगा. आतली शिलाई पाइपिंगने बंद करून घ्या, पाइपिंग पांढरं घेतलंत तर आत्यांची रेघही आपोआप झाली, मग लाल ओढणी मोरपंखीवर बिनधास्त चालेल. कापड लांबीप्रमाणे साधारण अडीच मीटर धरा, पण टेलरला विचारूनच घ्या, मंगलगिरीचा पन्हा (रुंदी) दुकानागणिक वेगळा मिळतो. आणि शिवायच्या आधी कापड रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा, कॉटन आटतं.

पेडण्याची_आत्या

डाळिंबीवर हळदी ब्लाउज घे, डोळे मिटून. तो नको वाटला तर गर्द हिरवा.

ओढणी बसमध्ये दोन्ही खांद्यांवर घेऊन मागे सैल गाठ मार, पाठीवर उघडी राहते, वारा लागतो आणि दारात अडकत नाही. स्कूटरवर मात्र ओढणी सरळ पिशवीत घाल गो बाय, चाकात जाते ती. उतरलीस की घे.

फोंड्याची_सून

आणि ती लाल ओढणी आधी रुमालाने तपास! मोरपंखी जॅकेटचं पांढरं पाइपिंग गुलाबी झालं तर उसवून बदलावं लागेल.

रानफूल_डिचोली

तपासते. शनिवारी कापड घ्यायला जाते, दारात नेऊन बघीन. जॅकेट शिवून झालं की फोटो टाकते, रंगीतही आणि ब्लॅक अँड व्हाइटही.